सोळाशे त्र्याहत्तरचा उंचवटा

४ फेब्रुवारी

धाकटे,

माझ्या खुर्चीबद्दल लिहायला बसले आहे. विषय गंभीर आहे, हसू नकोस.

सकाळी साडेनऊला मी तिच्यावर बसते तेव्हा माझी हनुवटी टेबलाच्या बरीच वर असते, चारचौघांसारखी. मग खुर्ची खाली जाऊ लागते. एकदम नाही. एकदम गेली असती तर तक्रारीला जागा होती. तासाला साधारण दोन बोटं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कीबोर्ड छातीशी येतो, आणि चारच्या सुमारास मी वरिष्ठ शास्त्रज्ञ कमी आणि दुकानाच्या फळीवरून आत डोकावणारं पोर जास्त दिसते. तीन अर्ज केले. पहिल्या अर्जावर पाहणी करणारे गृहस्थ पावणेदहाला आले, बसले, उठले, ‘ठीक आहे’ असं लिहून गेले. दुसऱ्या अर्जात मी विनंती केली की पाहणी चार वाजता व्हावी. उत्तर आलं, पाहणी विभाग साडेतीनला बंद होतो. तिसऱ्या अर्जाचं उत्तर अजून खाली यायचं आहे. मी मात्र रोज जाते आहे.

विभागप्रमुखाची जागा रिकामी होते आहे. त्या खोलीतल्या खुर्चीला पंप नाही, चाकं नाहीत, चार लाकडी पाय आहेत आणि ते चारही जमिनीला टेकतात. मुलाखत वीस मार्चला. लोक म्हणतील, बाईला खुर्चीचा मोह झाला. झालाच आहे.

पत्र का, असं तू विचारणार नाहीस, कारण तू मला काहीच विचारत नाहीस. फोनवर माझा नंबर तू अडवला आहेस, ईमेल परत येतात. टपालवाले अजून कोणाचं भांडण मानत नाहीत.

आई बरी आहे. दर रविवारी ती तुझ्याशी बोलते तेव्हा मी भांडी घासते, म्हणजे नळ सोडून उभी राहते. फोन ठेवला की म्हणते, “ती बरी आहे. पुढचं विचारू नकोस असं सांगितलंय.” रंगाच्या कारखान्यात तुझ्या सहीशिवाय एक डबा फाटकाबाहेर जात नाही, हे मात्र ती न विचारता सांगते, दर रविवारी, तोच डबा.

एक बारीकशी गोष्ट. सहज आठवली म्हणून. तुझी चार नंबरची प्रयोगवही तुझ्याकडे आहे का? दुसऱ्या खेपेच्या वेळी तू आम्ल कसं बदललंस, त्याची नोंद हवी होती. तू यंत्रातली ती चकती फोडलीस त्याच आठवड्यातलं पान असेल, तेवढी खूण पुरे. घाई नाही.

— ताई


१२ फेब्रुवारी

धाकटे,

आधीचं पत्र आईने वाचलं. पाकिटं चिकटवायचं खातं तिने स्वतःकडे घेतलं आहे, म्हणजे वाचणार हे आलंच. वाचून म्हणाली, “खुर्चीचं कळलं. पुढचं नाही कळलं. तुम्ही दोघी भांडलात ते नेमकं कशावरून?”

“एका उंचवट्यावरून.”

“जमिनीच्या?”

“आलेखाच्या.”

“म्हणजे कागदावरच्या?”

“हो.”

तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. “बापाची खरी जमीन होती, तेव्हा नाही भांडलात. तेव्हा म्हणे आम्हाला यात रस नाही.”

तिच्यासाठी सगळं सोपं करून इथे लिहिते. तुला पाठ आहे, तू हा परिच्छेद गाळ.

आई, विषाणूच्या अंगावर एक प्रथिन असतं, त्यातला हा बावीस कड्यांचा तुकडा. आम्ही त्याला ‘बाविशी’ म्हणायचो. विषाणू पेशीत घुसतो तेव्हा हा तुकडा पुढे असतो. तो कसा वळलेला आहे हे कळलं तर त्याला अडवणारं औषध बेतता येतं. तुझी धाकटी तो कडीला कडी जोडून बनवायची, आणि मी त्याच्यातून इन्फ्रारेड प्रकाश सोडून त्याने कुठला प्रकाश गिळला ते पाहायचे. साखळी सैल लोंबत असेल तर आलेखावर सोळाशे पंचेचाळीसच्या आसपास एक बसकी टेकडी दिसते. केसातल्या आकड्यासारखी दुमडलेली असेल तर सोळाशे त्र्याहत्तरला वेगळा उंचवटा येतो. आकडे म्हणजे घरांचे नंबर समज. अकरा वर्षांपूर्वी पहिल्या खेपेच्या बाविशीत सोळाशे त्र्याहत्तरला उंचवटा आला. देखणा होता. मी पेपर लिहायला घेतला. मग धाकटीने दुसरी खेप बनवली आणि त्यात उंचवटा नव्हता. ती म्हणाली, “ताई, तुकडा साफ करताना आपण जे आम्ल वापरतो ते पहिल्या खेपेला चिकटून राहिलंय. दुसरीतलं मी काढून टाकलं. ते आम्लही त्याच घरात राहतं. नुसतं आम्ल यंत्रात घालून बघ, दहा मिनिटांचं काम आहे.” मी म्हणाले, दुसरी खेप बिघडली आहे. पेपर छापून आला. मला बढती मिळाली. धाकटीची नेमणूक पुढे वाढवली गेली नाही. संपलं. आता चिकटव.

तर धाकटे, वही मी सहज मागितली नव्हती.

वीस जानेवारीला एका मुलीचं पत्र आलं. लांबच्या एका संस्थेत संशोधन करते, तिसरं वर्ष. माझ्या आकड्याला बसेल असं औषध बेतायचं काम तिला दिलं आहे. सुरुवात म्हणून तिने बाविशी बनवली. उंचवटा नाही. पुन्हा बनवली, नाही. नऊ वेळा. पत्रात अतिशय अदबीने विचारते, “माझ्याकडून काय चुकतं आहे, हे कृपया सांगाल का?”

मी त्याच दिवशी उत्तर दिलं. मी पत्रं तुंबवून ठेवत नाही. लिहिलं, ‘नमुना तयार करताना हलगर्जी होत असावी. हाताकडे लक्ष द्या.’

वाक्य तुझ्या ओळखीचं असेल. चांगलं वाक्य मी एकदाच वापरून टाकून देत नाही.

— ताई


२१ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं कार्ड पोचलं. ‘नुसतं आम्ल पाहिलंस का?’ वर ‘ताई’ नाही, खाली सही नाही. चार शब्द आणि एक प्रश्नचिन्ह. तुझी काटकसर अजून शाबूत आहे. पेपर तू लिहिला असतास तर पोस्टकार्डावर मावला असता आणि बरोबर असता.

नाही पाहिलं.

अकरा वर्षांत का नाही, याची कारणं देते, सगळी प्रामाणिक आहेत. पहिलं वर्ष यंत्र दुसऱ्यांच्या नावावर होतं. दुसऱ्या वर्षी त्याला थंड ठेवणारा द्रवरूप नायट्रोजन वेळेवर येत नव्हता. नंतर नवीन यंत्र आलं, ते उघडायला अधिकारी लागायचे. त्यानंतर मीच अधिकारी झाले आणि अधिकाऱ्याने स्वतः ब्लँक, म्हणजे नमुन्याशिवायचा आलेख, घेणं बरं दिसत नाही. नाचता येईना अंगण वाकडं. माझ्याकडे तर चार अंगणं होती.

मुलीचं उत्तर आलं. माझे आभार मानले आहेत. ती आता हातमोजे प्रत्येक टप्प्याला दोनदा बदलते, आणि बाटल्या धुवायला पहाटे जाते, तेव्हा खोलीत धूळ कमी असते म्हणून. दहावी खेप लावली आहे. शेवटी अर्धी ओळ आहे की एकतीस मार्चला तिची समिती बसते, आणि तोपर्यंत उंचवटा दिसला नाही तर तिचे मार्गदर्शक तिला काम सोडायला सांगतील, ‘तुझ्या हातात हे नाही’ असं ते म्हणतात.

ही अर्धी ओळ तिने पत्राच्या तळाशी, सहीच्या इतकी जवळ लिहिली आहे की घाईत वाचणाऱ्याला दिसू नये. मला दिसली.

फ्रीझर उघडला होता. सगळ्यात खालचा कप्पा, मागे, बर्फाखाली. तुझ्या अक्षरातल्या दोन कुप्या तिथेच आहेत, ‘बाविशी – पहिली’ आणि ‘बाविशी – दुसरी, आम्ल काढलेली’. ‘काढलेली’खाली तू दोन रेघा मारल्या होत्यास. मी दरवर्षी त्या फ्रीझरच्या यादीवर सही करते. दरवर्षी ‘जुने नमुने, ठेवावेत’ असा शेरा मारते. काखेत कळसा आणि गावाला वळसा हे मी लहानपणी वाचलं होतं, पण त्यात कळसा कोणी स्वतः काखेत धरून ठेवलेला असतो हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

चकती फुटली त्या आठवड्यातलं पान शोधायची आता गरज नाही. कुपीवरच लिहिलेलं आहे.

— ताई


२८ फेब्रुवारी

पाहिलं.

दुपारी दोन ते तीन, यंत्र मोकळं होतं. जड पाण्यात आम्लाचा अगदी पातळ थेंब. साच्यातल्या दोन पारदर्शक चकत्या पुसल्या, मध्ये अंतर राखणारी ती केसाहून पातळ रिंग ठेवली, थेंब सोडला, वरची चकती एका कडेने हळू टेकवली. बुडबुडा नाही. हात अजून बरा आहे. साचा यंत्रात ठेवला, झाकण लावलं, आतली दमट हवा जायची वाट पाहिली. बटण दाबलं.

सोळाशे त्र्याहत्तर.

त्यात प्रथिनाचा एक कण नव्हता, नुसतं आम्ल. माझा उंचवटा, त्याच जागी, त्याच अंगाचा, जरा जास्तच देखणा. मी माझा जुना आलेख काढून काचेवर धरला आणि त्यावर हा ठेवला. सख्ख्या बहिणीही इतक्या सारख्या नसतात.

मग तुझी दुसरी कुपी लावली. अकरा वर्षं बर्फात काढून बाविशी जशीच्या तशी होती. सोळाशे पंचेचाळीसला बसकी टेकडी, पलीकडे सपाट. दुमड नाही, आकडा नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. या सुंभाला मुळात पीळच नव्हता. तो मी घातला होता.

तुझी एक चूक सापडली ती नोंदवून ठेवते. तू दहा मिनिटं म्हणाली होतीस. यंत्रातली हवा सुकायलाच वीस लागतात.

त्यानंतर मी टेबलाशी बसले. साडेतीन वाजले होते, म्हणजे मी आधीच बरीच खाली होते.

— ताई


७ मार्च

धाकटे,

साहेबांना भेटले. तेच साहेब, तुझ्या वेळचे. केस गेले, बाकी सगळं आहे. दोन्ही आलेख त्यांच्या टेबलावर ठेवले, मुलीचं पत्रही. त्यांनी आधी दार लावून घेतलं आणि मग चष्मा. यावरून मला कळायला हवं होतं.

“मॅडम, हे कोणी कोणी पाहिलंय?”

“मी. आता तुम्ही.”

“मुलाखत कधी आहे?”

“वीसला.”

“मग एकवीसला बोलू.” आलेख उलटे करून माझ्याकडे सरकवले. “अहो, अकरा वर्षं झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“साहेब, मूठ उघडली. आत आम्ल होतं.”

“तुमचा हा तिरकस स्वभाव ना, तो मुलाखतीत जरा आवरा.” मग प्रेमाने म्हणाले, “त्या पोरीचं म्हणाल, तर दर वर्षी दोन-चार पोरी सोडून जातातच. विज्ञान काही थांबत नाही.”

“एक गेली होती,” मी म्हटलं.

“कोण?”

खरंच आठवत नव्हतं त्यांना. मी तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले, “हां हां, ती. हात चांगला नव्हता तिचा. तुम्हीच तर दाखवलं होतंत आम्हाला, ती फुटतुटीची वही.”

आता ती चकती.

पहिल्या पत्रात मी ‘तू फोडलीस’ असं लिहिलं, दुसऱ्यात तिचं नावच काढलं नाही, तिसऱ्यात ‘फुटली’ असं लिहिलं, जणू तिला एकटीला कंटाळा आला आणि ती फुटली. तुझ्या लक्षात आलं असणार. तुझ्या लक्षात सगळं येतं, तू फक्त लिहीत नाहीस.

बढतीच्या मुलाखतीची सकाळ होती. मला घाई होती. फ्रीझरजवळच्या थंड फडताळातून चकती काढली आणि गरम नळाखाली धरली. कॅल्शियम फ्लोराइडची चकती गरम पाण्याखाली धरायची नसते, हे या खोलीत पहिल्या दिवशी आलेल्यालाही सांगतात. आम्ही सांगतो. मी सांगते. टक् असा आवाज झाला, आणि नाण्याएवढी ती वस्तू माझ्या तळहातावर दोन तुकड्यांत पडली होती. तू मागे उभी होतीस. तू म्हणालीस, “राहू दे ताई, माझ्या नावावर लिही. तुझी आज मुलाखत आहे.” मी लिहिलं. तुझं नाव माझ्या अक्षरात. भांडारात दुसरी शिल्लक नव्हती, म्हणून तू तुझी स्वतःची दिलीस, तुझ्या जुन्या बाईंनी तुला निरोपाच्या दिवशी दिलेली, जिच्या कडेला त्यांनी हिऱ्याच्या टोकाने बारीक ठिपका कोरला होता. “जोडी लागेल तुला,” म्हणालीस. “नंतर दे.”

तीन आठवड्यांनी समितीसमोर दोन खेपांपैकी कुठली खरी, हा प्रश्न आला. मी फुटतुटीची वही उघडून साहेबांसमोर ठेवली. तोंडाने एक शब्द खोटा बोलले नाही. फक्त पान दाखवलं.

साहेबांच्या खोलीतून निघताना मी म्हटलं, “बरं, एकवीसला बोलू.”

हो. असं म्हणून आले. तेही लिहिते.

— ताई


१६ मार्च

धाकटे,

मागच्या पत्राचं पाकीट चिकटवायला आईला अर्धा तास लागला. मी शेजारच्या खोलीत होते. मग हाक आली.

“म्हणजे चकती तू फोडलीस?”

“हो.”

“आणि तिने आपल्या नावावर घेतली?”

“हो.”

“आणि मग तूच ती वही दाखवलीस.”

“हो, आई.”

ती पाकिटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. चिकटलेलं होतं, तरी.

“मी अकरा वर्षं दर रविवारी तिला फोनवर सांगते,” ती म्हणाली, “की बाई, हाताला जरा जप, धसमुसळेपणा करू नकोस, पहिली नोकरी त्यानेच गेली. दर रविवारी. आणि ती म्हणते, हो आई.”

त्यानंतर दोन दिवस तिने मला भांड्यांना हात लावू दिला नाही. जेवण झाल्यावर ताट स्वतः धुऊन ठेवायची, हळू, जराही आवाज न करता, जशी काही सगळी घरातली भांडी त्या चकतीच्या जातीची आहेत. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, “त्या पोरीची आई पण असेल कुठेतरी.”

“असेल.”

“तिला पण कोणीतरी सांगत असेल, हाताला जप म्हणून.”

“आई, वीस तारखेनंतर…”

“मी काही म्हटलं का?” ती म्हणाली. “चहा घे.”

काल कामावर गेले ती थेट यंत्राच्या खोलीत, माझ्या टेबलाशी नाही. तिथे उंच स्टूल आहे, ते खाली जात नाही. उभ्या उभ्या दोन पत्रं लिहिली.

एक मुलीला. ‘तुमच्या दहाही खेपा बरोबर आहेत. चूक माझ्या पेपरात आहे. उंचवटा आम्लाचा आहे, बाविशीचा नाही. नुसत्या आम्लाचा आलेख सोबत जोडला आहे, तो समितीपुढे ठेवा. हलगर्जीबद्दल मी जे लिहिलं ते तुमच्याबद्दल खरं नव्हतं.’ आधी लिहिलं होतं, ‘खरं नसावं’. ‘सावं’ खोडलं.

दुसरं नियतकालिकाला. पेपर मागे घेत असल्याचं. कारण या रकान्यात लिहिलं की सहसंशोधिकेने अकरा वर्षांपूर्वी ही शंका घेऊन शुद्ध नमुना बनवून दिला होता, आणि मी तो बिघडलेला म्हणून बाजूला ठेवला. तुझं नाव पूर्ण लिहिलं. त्या पेपरात तू शेवटच्या ओळीत, आभारांत, ‘नमुने पुरवल्याबद्दल’ होतीस.

दोन्ही पाठवून मग साहेबांना प्रत दिली. ते म्हणाले, “एकवीसला बोलू म्हणाला होतात.”

“बोलू ना,” मी म्हटलं. “विषयही तयार आहे.”

— ताई


९ एप्रिल

धाकटे,

बातम्या, महत्त्वाच्या क्रमाने नाहीत.

मुलाखत आठ मिनिटं चालली. त्यातली पाच मी पाणी पीत होते. लाकडी खुर्ची माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना मिळाली, ज्यांना आम्ही पंतोजी म्हणतो, कारण ते इतरांच्या अर्जातली विरामचिन्हं सुधारतात. आयुष्यात त्यांनी एकही चुकीचा आलेख छापला नाही, कारण आलेखच छापला नाही. पहिल्याच दिवशी मला बोलावून म्हणाले, “तुमचा जुन्या नमुन्यांचा फ्रीझर रिकामा करून टाकूया का?” मी नाही म्हटलं. त्यांनी शेरा मारला, ‘ठेवावेत.’

माझी खुर्ची भांडारातल्या काकांनी दुरुस्त केली. पाहणी विभागाला न कळवता प्लास्टिकच्या पाइपचा एक वीतभर तुकडा उभा चिरला आणि दांड्याभोवती बसवला. आता ती खाली जात नाही, वरही जात नाही. “एकाच उंचीला बसायची सवय लावा,” काका म्हणाले.

मुलीची समिती बसली. तिला दीड वर्ष वाढवून दिलं आहे, विषय बदलून. सैल लोंबणाऱ्या साखळीला पकडायचं औषध बेतता येतं का, असा काहीसा. अवघड आहे, पण निदान ती जे पकडायला जाते आहे ते तिथे आहे. तिचं पत्र एवढंच होतं: ‘दहाही वेळा बरोबर होतं?’ मी उत्तर दिलं, ‘दहाही वेळा.’ मग तिने विचारलं की दुसरी खेप कोणी बनवली होती, त्यांना लिहिलं तर चालेल का. मी म्हटलं, त्यांचा कारखान्याचा पत्ता देते, पण त्या चार शब्दांपेक्षा जास्त उत्तर देतील अशी अपेक्षा ठेवू नका.

रविवारी नळ सोडला नाही. आई म्हणाली, “बंद ठेव. पाणी वाया जातं, आणि तसंही तुला ऐकू येतंच.” फोनवर ती तुला हाताला जपायला सांगत नाही आता. त्याऐवजी काय सांगावं हे तिला सुचत नाही, म्हणून मध्येमध्ये गप्प बसते. सवय होईल. फोन ठेवून मला म्हणाली, “ती सांगत होती, यंत्र सुकायला वीस मिनिटं लागतात हे तिला माहीत होतं. दहा मिनिटं तिने फक्त हाताची सांगितली होती.” मग म्हणाली, “हे काय ते मला कळलं नाही. पण सांगताना हसल्यासारखी वाटली.”

‘वाटली’ हा शब्द मी आईचा म्हणून नोंदवते. पुरावा म्हणून नाही.

काकांकडून फुटतुटीची जुनी वही मागून घेतली. पान सापडलं. मी म्हटलं, “हे नाव खोडायचं आहे.”

“खोडायचं नसतं मॅडम. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर नाव, तारीख, सही.”

“तारीख कुठली? तेव्हाची?”

“आजची,” काका म्हणाले. “सही आज करताय ना.”

तशी केली.

सोबत एक लहान डबी आहे. आत कापसात तुझी चकती. कडेला ठिपका आहे, बोट फिरवलंस की लागेल. तू दिलीस त्या दिवसापासून ती माझ्या साच्यात वरच्या बाजूला होती. मी यंत्राने जे जे पाहिलं, त्यातली प्रत्येक गोष्ट तिच्यातून पाहिली, तुझी दुसरी खेपही, आणि ते आम्लही. तिच्यावर एक ओरखडा नाही. जोडीसाठी मला भांडारातून दुसरी मिळाली आहे, तेव्हा ‘नंतर दे’मधलं नंतर आता झालं असं समज.

टपाल कचेरीतल्या बाईंनी डबी कानाशी हलवली आणि विचारलं, “फुटणारं आहे?” मी हो म्हटलं. त्यांनी लाल शिक्का मारला, दोनदा, माझ्याकडे बघून तिसऱ्यांदा.

पोच द्यायची गरज नाही. वाटेत फुटलीच, तर माझ्या नावावर लिही.

— ताई